लाल बटणावरचा अंगठा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बाईंचा फॉर्म भरत होतो. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. पडवीत दोघं-तिघं नंबर लावून बसले होते आणि बाईंच्या मोबाइलवर नुकताच ओटीपी येऊन पडला होता. पलीकडून ताईच्या शेजारणीचा आवाज आला, "सुधाभाऊ, मोरेश्वरभाऊ गेले. दात घासता घासता पायरीवर बसले ते बसलेच... तुमी या." मी हो म्हटलं, फोन खाली ठेवला आणि ओटीपी टाकून फॉर्म पूर्ण केला. पावतीची प्रिंट काढली, घडी घालून बाईंच्या हातात दिली आणि मग उठलो. मुदत संपली असती तर त्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. पण सख्ख्या बहिणीचा नवरा गेल्याचं कळल्यावर कुणी प्रिंट काढत बसत नाही. मी बसलो. त्या चार-पाच मिनिटांत कॉम्प्युटरच्या मागचा पंखा घुरघुरत होता, तो मला स्पष्ट आठवतो. कारण त्या पंख्याचा डबा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा, दाजींनी दोनदा उघडून नीट केलेला आहे. त्यातले सोल्डरचे बरेचसे टाके त्यांच्या हातचे आहेत.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं. ते मला जड नाही. दाजींबद्दल वाईट लिहा म्हटलं तर मला दोन ओळी सुचायच्या नाहीत. जे वाईट आहे ते माझ्याकडचं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय त्यांचं चांगलं सांगता येत नाही, अशी माझी अडचण आहे.

मोरेश्वर दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शांताताईचे यजमान. उरण तालुक्यातलं आमचं गाव आणि त्यांचं गाव यांच्यात चार किलोमीटर आणि खाडीवरचा एक पूल. त्यांच्या घरचं मिठागर होतं. लहानपणी तिथे वडिलांच्या हाताखाली काम करताना फावड्याचा पत्रा लागून त्यांच्या उजव्या अंगठ्यावर आडवी चीर पडली होती, तिचा वण शेवटपर्यंत राहिला. पुढे मिठागर गेलं, बंदर आलं, आणि दाजी न्हावा शेव्याला कंत्राटी कामाला लागले. मासळी, फळं, औषधं नेणारे जे थंड कंटेनर असतात, त्यांना वीज जोडायची, तापमान बघायचं, काही बिघडलं तर वरच्या मेकॅनिकला बोलवायचं, एवढंच त्यांचं काम. पण वरचा मेकॅनिक काय करतो ते हा माणूस शेजारी उभा राहून वीस वर्षं बघत होता. बघून बघून ते सगळं शिकले. नंतर कंत्राटदार बदलला, नव्याने सगळ्यांकडे सर्टिफिकेट मागितलं, आणि सर्टिफिकेट तर यांच्याकडे नव्हतं. पन्नाशीत घरी बसायची वेळ आली. आठ दिवस गप्प होते म्हणे. नवव्या दिवशी त्यांनी मागच्या पडवीत एक जुनं टेबल मांडलं, वर दिवा टांगला आणि पहिला ताईचा मिक्सर उघडला.

वर्षभरात आजूबाजूच्या चार गावांत "मोरेश्वरकडे टाक" हे वाक्य रुळलं. इस्त्री, पंप, टीव्ही, मिक्सर, काहीही बंद पडलं की मोरेश्वरकडे. वस्तू घेताना ते कपाळाला आठ्या घालून घ्यायचे आणि परत देताना इतके खूश असायचे, की बघणाऱ्याला वाटावं वस्तू यांचीच आहे. ताई चिडवायची, की माझ्याकडे कधी असं बघितलं नाही, त्या पंपाकडे बघतात तसं. मग ते मान खाली घालून हसायचे. त्यांना तोंडभर हसताना मी फारसं पाहिलं नाही.

आता माझं. मी बी.एस्सी. आहे, तेही फिजिक्स घेऊन. हे वाक्य पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. घराच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटर, प्रिंटर आणि झेरॉक्सचं मशीन घेऊन बसतो. सातबारा, दाखले, नोकरीचे फॉर्म, लग्नपत्रिका. गावात मला "सर" म्हणतात, आणि मी एक दिवससुद्धा कुठल्या शाळेत शिकवलेलं नसताना तो मान गपचूप घेतो.

आठ वर्षांपूर्वी एका सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. दिवा नाही, आवाज नाही. मी पनवेलला घेऊन जाणार होतो; ताईला फोनवर सहज बोललो तर तासाभरात दोघं मोटरसायकलवर हजर. दाजींनी ओटीवर वर्तमानपत्र पसरलं, मागचे चार स्क्रू काढून तो डबा बाहेर घेतला आणि झाकण उघडलं. मी लगेच बोट घालून काहीतरी दाखवायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. पिशवीतून एक बल्ब काढला, होल्डरला दोन तारा जोडलेला. त्या तारा आत दोन ठिकाणी टेकवल्या. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला. म्हणाले, "लाईट गेली तरी आतली लगेच जात न्हाय, सुधाकर. तिला आदी वाट करून द्यायची, मंग हात घालायचा."

मग त्यांनी जे केलं ते मी अजून लोकांना हसत हसत सांगतो... सांगत होतो. डब्याच्या कोपऱ्यात पांढरट काहीतरी जमलं होतं. ते त्यांनी नखाने खरवडलं आणि चक्क जिभेच्या टोकाला लावलं. माझी बायको दारात उभी होती, ती शी म्हणून आत गेली. दाजींनी मात्र शांतपणे थुंकून टाकलं आणि सांगितलं, मीठच आहे. आमच्याकडची हवा खारी, ती पंख्यावाटे आत ओढली जाते आणि वर्षानुवर्षं बसत राहते. "ह्याची आन् माजी वळख लई जुनी," म्हणाले. चार कॅपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या नळकांड्यांची, डोकी पुरीसारखी फुगली होती, ती त्यांनी काढून नवे बसवले. आतली सर्किटची सगळी पट्टी स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने घासली, वर पुरणाची चाळण पालथी घालून उन्हात वाळवली आणि मीठ पुन्हा चावू नये म्हणून वर व्हार्निशचा हात दिला. शेवटी ताईकडे हात पुढे केला. ताईला कळलं. तिने हसत अंबाड्यातला आकडा काढून दिला. तो आकडा त्यांनी हिरव्या आणि काळ्या तारेच्या टोकांत अडकवला आणि पंखा फिरू लागला. "बघ, बायकोच्या आकड्यावर चालतो," असं ते म्हणाले तेव्हा ताई लाजली होती. पन्नाशीची बाई, पण लाजली.

डबा परत बसवण्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. पंख्याशेजारी बाहेरच्या अंगाला एक बारीक लाल सरकतं बटण होतं. त्यावर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी त्यांनी दुहेरी लावली आणि मला सांगितलं, ह्याला हात लावायचा नाही. मी हो म्हटलं. का, ते विचारलं नाही. मी त्या वेळी मोबाइल बघत होतो.

यानंतर दोन वर्षं कॉम्प्युटर बिनतक्रार चालला. मग आला तो गणपती. आमच्याकडे पाच दिवसांचा असतो. आदल्या आठवड्यात घराची झाडलोट निघाली, तेव्हा मी कॉम्प्युटरही पुढे ओढून मागून पुसला. ती पट्टी मळून काळी झाली होती, कडा सुटल्या होत्या. गणपतीच्या घरात कसली ही घाण, म्हणून ओलं फडकं घेऊन मी ती खरवडून काढली. खाली लाल बटण आणि त्यावर २३० हा आकडा. पलीकडे सरकवलं तर ११५ दिसायचं. दोनदा इकडेतिकडे करून पुन्हा २३०वर ठेवलं. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं.

चतुर्थीला संध्याकाळी सात वाजता गावभर रोषणाई लागली आणि व्होल्टेज पडलं. ते दरवर्षीच पडतं. ट्यूब पेटेना, पंखा दमल्यासारखा फिरत होता, आणि कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी आपला आपण बंद पडत होता. मला एक पत्रिका त्याच संध्याकाळी संपवायची होती. आणि इथे माझ्या फिजिक्सने उचल खाल्ली. वीज कमी येतेय ना, मग बटणही कमीच्या आकड्यावर हवं. मी मागे हात घालून लाल बटण ११५वर सरकवलं. कॉम्प्युटर चालू केला, आणि तो चालला. बंद पडेना. मी बायकोला बोलावून दाखवलं. शिक्षण वाया जात नाही, असंही काहीतरी बोललो. तिने मान डोलावली आणि ती नैवेद्याची भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आणि दाजी आले. माहेरवाशीण म्हणून ताई गौरीपर्यंत राहायची आणि दाजी दर्शन, जेवण करून परत जायचे, असा रिवाज होता. दाजी पुढच्या खोलीतच गणपतीसमोर पाटावर बसून दुर्वांच्या जुड्या बांधत होते. पडवीत आठ-दहा माणसं होती. बंदराजवळच्या एका गोदामात भरती निघाली होती, तिच्या फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. सगळ्यांनी पाया पडून घेतलं आणि खुर्च्या ओढून बसले. सकाळची वेळ, रोषणाई बंद, लाईट अगदी भरदार. मी बटण दाबलं.

धाड् असा आवाज झाला. मागून धूर आला आणि जळका, करपट वास देवापर्यंत पोचला. एकजण खुर्चीवरून उठून उभाच राहिला. त्या क्षणी मला आदल्या संध्याकाळचं बटण आठवलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. संध्याकाळभर नीट चालला होता, त्यामुळे त्याचा संबंधच डोक्यात आला नाही. डोक्यात एवढंच आलं, की सगळ्यांसमोर आपली फजिती झाली. आणि मी वळून, देवासमोर बसलेल्या माणसाला, घरच्या जावयाला, बारा वर्षांनी मोठ्या माणसाला म्हणालो, "दाजी, जमत नव्हतं तर हात कशाला लावलात? कंटेनरला प्लग लावणं वेगळं आणि हे वेगळं."

आमच्याकडे जावई वयाने लहान असला तरी त्याला अरेतुरे करत नाहीत. पहिलं ताट त्याचं, पहिला पाट त्याचा. ताई मोदकांचं ताट घेऊन आतून येत होती, ती उंबऱ्यातच थांबली. दाजींनी हातातली जुडी पुरी केली, दोऱ्याची गाठ मारली, ती देवासमोर ठेवली आणि उठले.

डबा काढून त्यांनी आधी तो मागून फिरवला. पट्टी नव्हती. लाल बटणावर ११५ दिसत होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि अंगठ्याच्या नखाने ते बटण सरकवलं. टक्. एवढाच आवाज. त्यांच्या बघण्यात राग नव्हता, 'हे तू केलंस होय' एवढंच होतं. आणि मला कळलं. सगळं एकदम कळलं. बोलायची वेळ तीच होती. दाजी, मीच काल हे बटण हलवलं... एवढं एक वाक्य. तेवढ्यात खुर्चीवरून कुणीतरी विचारलं, "काय झालं रं मोरेश्वर?"

"माजाच टाका कच्चा ऱ्हायला व्हता," दाजी म्हणाले. "चूक माजी हाय."

यावर मी गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी गप्प राहिलो नाही. मी म्हणालो, "असू द्या दाजी, माणूस आहे, चुकायचंच." मी त्यांना माफ केलं! दहा माणसांसमोर, मोठ्या मनाने. ओरडलो तेव्हा मी अडाणी होतो. हे बोललो तेव्हा नव्हतो. आजही हे वाक्य आठवलं की मी जिथे असेन तिथे खाली बघतो.

सणामुळे उरणची दुकानं बंद. दाजी मोटरसायकलवर घरी जाऊन आपल्या भंगारातून दोन मोठे कॅपॅसिटर, फ्यूज आणि असंच काय काय घेऊन आले. मागच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. टाका मारता मारता, वर न बघता, त्यांनी मला हळू आवाजात समजावलं: "एकशेपंद्रा म्हंजे येगळ्या देशाची लाईट. आपली कमी झाली तरी ती आपलीच." खालच्या आवाजात, एखाद्या पोराला सांगावं तसं, आणि बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही याची काळजी घेऊन. मग बल्ब मध्ये जोडून त्यांनी डब्याला वीज दिली. बल्ब एकदा लख्ख पेटला आणि मंद होत विझला, म्हणजे आत सगळं ठीक. त्यांनी ताईला हाक मारून आकडा मागितला. ताईने तो दिला, पण या खेपेला ती हसली नाही. जमिनीकडे बघत दिला. पाइपची गळती थांबवायला लावतात ती करडी माती त्यांनी दोन बोटांत मळली, २३०वर सरकवलेल्या लाल बटणावर थापली आणि वर अंगठा दाबून धरला. "आता हलायचा न्हाय," म्हणाले. दुपारी दोनच्या आत कॉम्प्युटर चालू झाला. संध्याकाळपर्यंत मी सगळ्यांचे फॉर्म भरून दिले. दाजी जेवले, ताट धुऊन ठेवलं आणि निघाले.

त्यांनी असं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांनी खरं सांगितलं असतं तर मी तोंडावर आपटलो असतो, आणि माझा स्वभाव त्यांना ठाऊक होता. मी आणखी चढ्या आवाजात काहीतरी बोललो असतो. मग जावयाला भरल्या घरातून उपाशी उठावं लागलं असतं, आणि दोन दिवसांवर गौर आलेली असताना ताईला कुठल्या घरी राहायचं ते ठरवावं लागलं असतं. त्यांनी ताईचं माहेर राखलं. अर्थात हे मी जुळवलेलं आहे. ते कधी बोलले नाहीत.

जे त्यांनी राखलं नाही ते म्हणजे स्वतःचं नाव. गावात बातमी पसरायला फार काही लागत नाही. मोरेश्वरने नीट केलेला कॉम्प्युटर फुटला, देवासमोर धूर झाला. लोक माझ्याकडे यायचे, मी "सर" ना, विचारायचे की टीव्ही बिघडलाय, मोरेश्वरकडे टाकू का? मी कधी नको म्हटलं नाही. मी म्हणायचो, "बघा बुवा." एवढंच. या दोन शब्दांनी हळूहळू त्या टेबलावरच्या वस्तू कमी झाल्या. आधी टीव्ही बंद झाले, मग पंप, मग मिक्सर. दीड वर्षाने दाजी एका कंटेनर यार्डात वॉचमन म्हणून लागले. त्या कामात कमीपणा नाही. पण ते काम त्यांचं नव्हतं.

मागच्या वर्षी तिकडून जाताना मी गेटवर त्यांना भेटलो. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. आत थंड कंटेनरची रांग गुरगुरत होती. बोलता बोलता ते थांबले, कान देऊन म्हणाले, की तो तिसरा ऐक, त्याचा आवाज बरा नाही. मी म्हटलं, मग सांगा ना आतल्यांना. म्हणाले, "मी गेटवर हाय." त्यात कडवटपणा नव्हता. मी मात्र पाच वर्षांत पहिल्यांदा त्या गोष्टीबद्दल तोंड उघडलं. "दाजी, त्या गणपतीचं..."

"पंका फिरतो ना?" त्यांनी मध्येच विचारलं.

"फिरतो."

"मंग झालं," असं म्हणून ते आलेल्या ट्रकसाठी गेट उघडायला गेले. मी थांबलो असतो तर पाच मिनिटांत परत आले असते. मी गाडीला किक मारली. सुटलो, असं वाटलं मला. त्या क्षणी खरोखर हलकं वाटलं, हेही सांगून टाकतो.

दाजींना जाऊन पाच आठवडे झाले तेव्हा ताई कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. पेन्शनचा फॉर्म भरायचा होता. पडवीत कुणी नव्हतं. ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली, मी एकेक रकाना वाचत गेलो आणि ती सांगत गेली. नाव, वय, पत्ता. मग आला 'मृताचा व्यवसाय'. ताई म्हणाली, "वॉचमन लिव." मी व टाइप केला, त्याला चंद्राचा काना दिला... आणि पुढे बोटं चालेनात. मागे तो पंखा घुरघुरत होता. मी कीबोर्डवरून हात काढून घेतले आणि तिला सगळं सांगितलं. पट्टी, व्होल्टेज, लाल बटण, टक्, "असू द्या दाजी", "बघा बुवा". सहा वर्षं जे एका वाक्यात मावलं असतं त्याला अर्धा तास लागला. रडलोही. मला वाटत होतं ती ओरडेल, किंवा मग डोक्यावरून हात फिरवेल. धाकटा भाऊ आहे, लहानपणापासून फिरवत आली आहे.

तिने दोन्हीतलं काही केलं नाही. बराच वेळ पडद्यावरच्या त्या अर्धवट शब्दाकडे बघत होती. मग म्हणाली, "गौरी झाल्यावं मी घरी गेली तवा मला बोल्ले, माजा हात ऱ्हायला न्हाय आता. मी खरं मानलं. सा वर्सं मी त्यांना घरातला बल्ब बदलू दिला न्हाय, सुध्या. मिक्सर बिगारला तं त्यांच्या देखत उरणला धाडला."

मला इतकी वर्षं वाटत होतं की माझ्या त्या गप्प बसण्याची झळ बाहेर, गावात लागली. ती त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत गेली असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तो माणूस आपल्या टेबलाशी नुसता बसून असेल आणि त्याच्या समोरून त्याच्या बायकोचा मिक्सर पिशवीत घालून दुसरीकडे चालला असेल... आणि तरीही तो बोलला नाही.

ताईने कॉम्प्युटर फिरवायला सांगितलं. मी तो मागून पुढे केला. तिने चष्मा लावला आणि वाकून बघितलं. करड्या मातीचा तो गोळा दगडासारखा घट्ट झाला आहे. त्यावर अंगठ्याच्या सगळ्या रेघा उमटल्या आहेत आणि त्यांच्या मधून आडवी गेलेली ती मिठागरातली चीर. कॉम्प्युटर मागून पुसताना मी दर वेळी फडकं तिथे आलं की हात आखडता घ्यायचो, पण असं निरखून मीही कधी बघितलं नव्हतं. ताईने आपला अंगठा पुढे नेला, त्या खळग्यापाशी नेऊन थांबवला आणि मागे घेतला.

"वॉचमन खोड," ती म्हणाली. मी खोडलं. "विजेचे मिस्त्री लिव." मी लिहिलं. कागदोपत्री ते बरोबर आहे की नाही, त्यावरून फॉर्म अडेल की काय, हे मी विचारलं नाही. प्रिंट काढून तिच्या हातात दिली. तिने ती पिशवीत ठेवली, चपला घातल्या आणि पडवीच्या पायरीवर उभी राहून रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं.

"मला एकलीला सांगून काय उपेग? त्या दिशी हितं किती मान्सं व्हती?"

"आठ-दहा."

"मंग तेवड्यांना सांग. सांगशील त्या दिशी मला बोलाव. त्याच्या आदी न्हाय यायची मी."

ती गेली. आमच्या घरची माहेरवाशीण, जिचं माहेर राखायला त्या माणसाने स्वतःला मोडीत काढलं, ती चहाही न घेता गेली. त्या दहा माणसांपैकी दोघं आता नाहीत, एकजण खालापूरकडे राहायला गेला आहे, बाकीचे रोज माझ्या दारावरून जातात. त्यांना एकेकाला गाठून सांगायचा प्रयत्न मी केला. दोघांना सांगून झालं. एक म्हणाला, जाऊ द्या सर, झालं ते. दुसऱ्याला तर तो प्रसंग आठवतही नव्हता. फक्त मोरेश्वरच्या हाताला पुढे गुण राहिला नाही, एवढं मात्र पक्कं आठवत होतं. म्हणून हे लिहून वर्तमानपत्राला दिलं. छापून आलं की कात्रण पडवीत लावीन आणि गणपतीत, देवासमोर, सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचीन. ताईला आदल्या दिवशी आणायला जाईन. येईल की नाही, माहीत नाही.

रोज सकाळी पुढची खोली उघडतो, देवाला हात जोडतो आणि कॉम्प्युटरचं बटण दाबतो. एक क्षण काहीच होत नाही. मग ती घुरघुर सुरू होते.

पंखा फिरतोय, दाजी. पण झालं नाही.